रंगूबाईचं आवतण

जानकीबाई आल्याशिवाय मुरबाडच्या त्या पट्ट्यात नवरीला हळद लागत नसे. भटजी उशिरा आला तर लोक विड्या ओढत थांबायचे, बँडवाला आलाच नाही तर शिव्या घालून मोकळे व्हायचे, पण धवलारीण आली नाही तर नवरीची आई रडायलाच बसायची. धवलारीण म्हणजे लग्नातले धवळे गाणारी बाई. मांडवाच्या पहिल्या मेढीपासून नवरी वाटेला लागेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, आणि जानकीबाईला ती सगळी तोंडपाठ होती. त्याचा तिला चांगलाच ताठा होता. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाच्या, रघूच्या घरी राहायला आली, पण भावाच्या जिवावर बसून खाते असं तिला कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर तिनं ऐकून घेतलं नसतं.

धवळे एकटीनं गात नाहीत. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती उचलते. जानकीबाईनं टाकलेली ओळ उचलायला रघूची मुलगी संध्या बसायची. पोर नववीत होती, अंगानं किडकिडीत, पण गळा असा बारीक आणि उंच की मांडवाबाहेर चुलीपाशी बसलेल्या माणसालाही शब्द न् शब्द कळायचा. जानकीबाईला मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे ही गाणी कुणाच्या तोंडात राहणार, ही तिची एकच काळजी होती, आणि संध्या शेजारी बसायला लागल्यापासून तिला गाढ झोप यायला लागली होती.

हळदीच्या आधी आवतण गायचं असतं. धरतरीला, गावदेवाला, वेशीवरच्या वाघोबाला नावानं हाक मारून लग्नाला बोलवायचं, आणि शेवटी आपल्या आधीच्या, मेलेल्या धवलारणींना बोलवायचं. जानकीबाईच्या आवतणात सगळ्यात शेवटी रंगूबाई यायची. रंगूबाईनं तिला गाणं शिकवलं होतं. म्हातारीचा गळा जाड, घोगरा, पुरुषासारखा. लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, बायकांत कुणी बाप्या गातोय. ती मरून बरीच वर्षं झाली होती, तरी मुरबाडपासून शहापूरपर्यंतच्या जुन्या बायका अजून तो गळा काढून दाखवायच्या.

तुळशीचं लग्न झालं आणि हंगामातलं पहिलंच लग्न किन्हवलीला निघालं. नवरदेवाला पाटावर बसवलं होतं, बायका गोळा झाल्या होत्या. जानकीबाईनं देव बोलावले, मेलेल्या धवलारणी बोलावल्या आणि शेवटची ओळ टाकली, "ये गो रंगूबाय, हळदीच्या पाटाशी ये." संध्यानं ओळ उचलली, आणि 'रंगूबाय' म्हणताना तिचा आवाज फाटला. फाटून तो जो खाली गेला तो वर आलाच नाही. उरलेली ओळ पोरीनं जाड, घोगऱ्या आवाजात कशीबशी ओढत नेली.

बायका हसल्या. नवरदेवाची मावशी देवकी, जिची जीभ कधी तोंडात राहिली नाही, ती म्हणाली, "काय गो जानकीबाय, या टायमाला पोरगी आणलीस का पोरगा?"

संध्याची मान खाली गेली. जानकीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काय बोलतेय हे तिचं तिलाही कळायच्या आत बोलून गेली.

"हसताव कशाला? वळखलात नाय? हा रंगूबायचा गळा हाय. आवतान दिला, ती आली."

कुणीतरी एका म्हातारीनं डोळे बारीक करून संध्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाय खरी. तीच." मग काय विचारता. त्याच म्हातारीनं उठून पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं, दुसरीनं लावलं, आणि देवकी स्वतः तांब्या घेऊन आली आणि तिनं पोरीच्या पायांवर पाणी घातलं. जानकीबाईनं फक्त हसणाऱ्यांची तोंडं बंद करायला ते म्हटलं होतं. पण तोंडं बंद झाली ती अशी झाली की तिला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं.

त्या हंगामात आत्याभाचीला उसंत मिळाली नाही. रंगूबाईचा गळा ऐकायला म्हणून लोक बोलवायचे. शाळेत संध्याचे हाल होते. हजेरीला ती तोंड उघडायची नाही, नुसता हात वर करायची, आणि मागच्या बाकांवरची पोरं तिच्या वाटचं 'हजर' जाड आवाजात म्हणायची. चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या होत्या. मांडवात मात्र त्याच आवाजासाठी बायका तिच्या पाया पडायच्या. साहजिकच पोर शाळा बुडवून लग्नांना धावायला लागली. रघूला बहिणीचा आणि मुलीचा अभिमान वाटायचा. तो चावडीवर सांगायचा, "आमच्या घरात देवाचा गळा हाय."

भागीला, संध्याच्या आईला, यातलं काही गोड वाटत नव्हतं. ती बोलायला कमी. एका दुपारी विहिरीवर धुणं आपटता आपटता ती नणंदेला म्हणाली, "वन्सं, पोर बाजूला बसली नाय. दिवाळीपासून नाय."

"वयच हाय तसं. मागंपुढं होतं."

"मागंपुढं नाय. बंदच झालंय. मी इचारलं तिला खोदून. तसलं काय नाय, ती शपथ घेते." भागीनं लुगडं पिळलं आणि हळूच पुढे म्हणाली, "रंगूबाय म्हातारी होती ना वन्सं? तिला कुठली पाळी? म्हून तर नसंल?"

जानकीबाईच्या हातातला पिळा पाण्यात पडला. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती पोरीला चोरून न्याहाळायला लागली. एकदा अंगणात बसून ती संध्याच्या केसांना तेल चोळत होती. हनुवटीखालून हात फिरवला, तर बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. तिनं पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. हनुवटीवर काळे, जाड केस होते, ओठावर कोवळी मिशी होती. जानकीबाईला तिथल्या तिथे रंगूबाई आठवली. म्हातारी दारात आरसा घेऊन बसायची आणि चिमट्यानं हनुवटीचे केस उपटायची, आणि जानकीबाई हसली की तिच्या पाठीत धपाटा घालायची.

"आते, काय बघतेस?" संध्यानं विचारलं. तोच तो आवाज.

"काय नाय. उवा बघते."

भीती म्हणतात ती तेव्हा तिच्या मनात शिरली आणि मग बाहेर निघाली नाही. आपण एक बोललो आणि ते पोरीच्या अंगावर एकेक करून उमटायला लागलं, असं तिला वाटायला लागलं. गळा म्हातारीचा आला. पाळी म्हातारीसारखी गेली. हनुवटी म्हातारीची आली. पोरीची छाती कुठे भरायला लागली होती, तीही म्हातारीसारखी बसली. म्हातारी नुसती लग्नापुरती आलेली नव्हती, ती राहायलाच आली होती, आणि येताना आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन येत होती. आता बिऱ्हाडात आणखी काय काय आहे हे जानकीबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रंगूबाईचं शेवटचं सगळं तिनंच केलं होतं. म्हातारी पोट फुगून मेली होती. हातपाय काटक्या आणि पोट टम्म. कुशीवर वळवायचं तर दोघी लागायच्या. शेवटी शेवटी ती ओळखदेखील विसरली होती.

पोट तेवढं अजून आलं नाही, असं जानकीबाई रोज सकाळी स्वतःला सांगायची.

आपल्या परीनं तिनं उपाय केला. रंगूबाईला जिथे जाळलं होतं त्या ओढ्याकाठी ती भरदुपारी गेली. तांदळाच्या भाकरीवर सुकट ठेवली, म्हातारीला आवडायची म्हणून विडी ठेवली, आणि हात जोडून म्हणाली, "बाय, मी उगाच बोलले. तू तुझ्या जागी जा. पोर लहान हाय." कावळ्यांनी भाकर तासाभरात संपवली. ती घरी आली तर संध्या ओसरीवर बसून शेजारच्या बाईशी बोलत होती, आणि आवाज कालच्यापेक्षा खालीच होता.

शिमगा झाल्यावर शहापूरजवळच्या एका लग्नाचं आवतण गायचं होतं. धवळे गायला बसताना दोघी नऊवारी नेसायच्या, आणि संध्याला लुगडं नेसवायचं काम जानकीबाईचंच. इतक्या वेळा नेसवलं होतं की तिच्या हातांना त्या कमरेचं माप पाठ होतं. गाठ कुठे बसते, ओचा किती खोचायचा, हे डोळे मिटून जमायचं. त्या दिवशी गाठ बसेना. तिनं सोडून पुन्हा मारली, तरी एका बाजूला उचलून राहिली. तिनं ओचा नीट करायचं निमित्त करून तळवा पोरीच्या ओटीपोटावर ठेवला. उजवीकडे खाली काहीतरी होतं. कच्च्या पपईसारखं टणक, आणि दाबलं की बाजूला सरकणारं.

"दुखतं गो?"

"कधीमधी. चालताना जड लागतं." संध्या तिच्याकडे न पाहता म्हणाली. "आते, रंगूबाय कशानं मेली?"

म्हणजे पोरीनंही हिशेब मांडला होता. जानकीबाई लुगड्याची गाठ पुन्हा मारायला लागली.

"म्हातारपणानं," ती म्हणाली.

"पोट फुगून मेली ना? देवकी सांगत होती." पोरगी रडत नव्हती. तिचे डोळे मात्र विहिरीत पडलेल्या जनावरासारखे झाले होते. "मी पण तशीच मरणार काय?"

त्या लग्नात जानकीबाईनं काय गायलं हे तिला आठवत नाही. त्या लग्नाला भागीही सोबत आली होती; घरी येताना एसटीत जानकीबाईनं तिला पोटाचं सांगितलं. भागी बसमध्येच उठून उभी राहिली, जणू त्याच पावली पोरीला घेऊन निघणार होती.

रघू ऐकेना. देवाच्या माणसाला सुई टोचली तर देव उलटतो, असं त्याला चावडीवरच्या शहाण्यांनी पढवलं होतं. पण पोरीला वाकता येईना, भागीनं चूल पेटवायचं सोडलं, तेव्हा तो कबूल झाला. एक अट घातली. "पोट दुखतं एवढाच सांगायचा. गळ्याचा शब्द काढायचा नाय. देवाचं देवाकडं." त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती मान हलवून हो म्हणाली. धीर नव्हता तिला दुसरं काही म्हणायचा.

शहापूरच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मेवाल्या, भराभर बोलणाऱ्या होत्या. संध्यानं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ती मान हलवायची.

"पाळी येते ना वेळेवर?"

भागीनं नवऱ्याकडे पाहिलं. "येते," ती म्हणाली. वयात आलेल्या पोरीची पाळी बंद आहे हे पुरुषासमोर कोण सांगणार?

"इतर काही त्रास?"

"काय नाय बाई," रघू म्हणाला. "पोटच तेवढं."

बाईंनी पोट तपासलं, कपाळाला आठी घातली, पुन्हा दाबून पाहिलं. गोळा लागतोय, सोनोग्राफी करून घ्या, तोवर दुखलं तर ही गोळी द्या, असं म्हणत त्या लिहायला लागल्या. रघूनं पिशवी उचलली. सोनोग्राफी कल्याणला करावी लागणार होती, आणि जानकीबाई भावाला ओळखत होती. गोळीनं दुखायचं थांबलं की तो कल्याणला जाणार नाही. वैशाखात सहा लग्नं ठरलेली होती. तोवर पोरीचं पोट म्हातारीसारखं होईल. मग कुणाच्या हातात काही राहणार नाही.

रघू दारापर्यंत पोचला होता.

"बाई," जानकीबाई म्हणाली, "आमी सगळी खोटं बोलतोय."

रघू वळला. "बाय, गप बस."

"नाय गप बसत." तिनं टेबलाची कड धरली. "बाई, त्या पोरीला तिचं नाव इचारा. तोंडानं सांगू द्या."

बाईंनी पेन ठेवलं. "बाळ, ओढणी काढ. नाव सांग तुझं."

संध्यानं आधी आत्याकडे पाहिलं, मग आईकडे. ओढणी खाली केली. "संध्या रघुनाथ," ती म्हणाली.

बाईंचा चेहरा बदलला. त्या उठून आल्या, पोरीची हनुवटी धरून पाहिली, ओठावरचं पाहिलं, गळ्यावरून बोट फिरवलं. "आवाज लहानपणापासूनच असा आहे?"

"व्हय," रघू घाईनं म्हणाला. "जाडच हाय पयल्यापासून."

"नीट आठवा. जन्मापासून असणं वेगळं आणि झटपट होणं वेगळं. त्यावर सगळं अवलंबून आहे."

आता बोलायचं म्हणजे किन्हवलीच्या मांडवात बोललेलं परत घ्यायचं. गावानं ज्या पायांवर पाणी घातलं ते उगाच घातलं, असं म्हणायचं. तिच्या भावाची मान चावडीवर खाली जाणार होती, आणि धवलारणीच्या तोंडाला पुन्हा कुणी किंमत दिली नसती. जानकीबाईला हे सगळं कळत होतं, आणि भीतीही वाटत होती. पण पोरगी तिच्याकडे बघत होती, त्याच विहिरीतल्या डोळ्यांनी.

"तुळशीच्या लग्नापर्यंत हिचा गळा उंच होता," ती म्हणाली. "किन्हवलीच्या लग्नात फाटला. पौषात लग्नं नव्हती, माघात बसलो तवा मी जी ओळ टाकीन ती हिला वर उचलता येईना. शिमग्याला मीच खाली यायला लागले. पाळी दिवाळीपासून नाय. केस माघात आले. मी लोकांना सांगितला, मेलेली रंगूबाय हिच्या गळ्यात आली. ते मी हसणाऱ्या बायांची तोंडं धरायला बोलले. रंगूबायनं मला काय सांगितला नव्हता."

मग भागी बोलली, आणि जन्मात ती नणंदेशी अशी बोलली नव्हती.

"पोर माझी हाय, वन्सं. तुमच्या तोंडाची लाज राखायला नव्हती दिली."

जानकीबाईनं ते ऐकून घेतलं.

बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना बीजाच्या दोन पिशव्या असतात. पाळी, छाती, सगळं त्या पिशव्यांतल्या रसावर चालतं. पुरुषाचा रसही बाईच्या अंगात थोडासा असतोच. कधी कधी एखाद्या पिशवीवर अशी गाठ होते की ती गाठच पुरुषी रस भसाभस तयार करायला लागते. मग आवाज उतरतो, मिशी येते, पाळी थांबते. "फार थोड्या मुलींना होतं, पण होतं. मला वाटतं हिला तेच आहे. रक्त तपासू, सोनोग्राफी करू. गाठ काढावी लागेल, आणि लवकर."

"रंगूबायला पण तीच गाठ होती?" जानकीबाईनं विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "म्हाताऱ्या बाईचा आवाज जाड होतो, केसही येतात. ते वयाचं. तिच्या पोटात काय होतं मला माहीत नाही. पण या मुलीच्या पोटात तिचं काहीही नाही."

कल्याणच्या सोनोग्राफीत गाठ दिसली. मग आसनगावहून गाडी, मुंबईचं मोठं हॉस्पिटल, आणि लांबलचक व्हरांडे. ऑपरेशनच्या दिवशी भागी भिंतीला टेकून बसली होती, रघू खाली चहाच्या टपरीपाशी नुसता उभा होता. गावात एव्हाना सगळीकडे झालं होतं की देवाच्या पोरीला सुरीखाली घातलं, आता बघा काय होतं ते. जानकीबाईला तेच ऐकू येत होतं. बाईंनी सांगितलं ते तिच्या डोक्याला पटलं होतं. छातीला नव्हतं पटलं. दार उघडलं की कुणीतरी येऊन सांगेल, रंगूबाई तिला घेऊन गेली, असं तिला वाटत होतं, आणि ती तोंडातल्या तोंडात म्हातारीची विनवणी करत होती. मला ने. मीच हाक मारली होती.

दार उघडलं आणि एक तरुण डॉक्टर बाहेर आला. गाठ पुरी निघाली होती, फुटलेली नव्हती. उजवी पिशवी काढावी लागली, डावी चांगली होती, ती ठेवली. पुढे मूलबाळ होऊ शकेल. तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की गाठ वाईट जातीची होती खरी, पण वेळेत हाती लागली. काही वर्षं मात्र नेमानं दाखवायला यायचं, चुकवायचं नाही.

त्या काही वर्षांचं ओझं भागीनं आणि जानकीबाईनं वाटून घेतलं. पावसाळ्यात संध्याला पाळी आली, तेव्हा भागीनं देवापुढे साखर ठेवली आणि शहापूरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा नणंदेशी दोन वाक्यं बोलली. पुटकुळ्या गेल्या. केस हळूहळू विरळ झाले. आवाज तेवढा वर आला नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गळ्यातली घाटी एकदा वाढली की ती परत लहान होत नाही. तरी रोज सकाळी संध्यानं पहिली हाक मारली की जानकीबाई हातातलं काम थांबवून ऐकायची. कालच्यापेक्षा खाली तर गेला नाही ना?

तुळशीचं लग्न झालं. यंदा आवतणं थोडी आली. पहिलं आलं ते किन्हवलीचंच, देवकीच्या घरचं, तिच्या मुलीचं. मांडवात बायका कुजबुजत होत्या. त्यांची कुजबूज चांगली दोन मांडवांपलीकडे ऐकू जाते. "सुरी घातली तरी रंगूबाय गेली नाय, ऐका गळा."

जानकीबाई बसायच्या आधी उभी राहिली. "बायांनो, ती रंगूबाय नाय. पोरीच्या पोटात गाठ होती. मी चुकले, खोटं बोलले. ज्यांना धवलारीण बदलायची त्यांनी बदला." कुणी उठलं नाही. देवकीनं नवरीला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "हळद सुकते, गा आता."

जानकीबाईनं धरतरीला बोलावलं. गावदेवाला, वाघोबाला बोलावलं. जुन्या धवलारणी एकेक करून बोलावल्या. संध्या ओळी उचलत होती, जाड, खालच्या सुरात. शेवटचं नाव आलं, रंगूबाईचं. ते नाव पुन्हा तोंडातून काढायची जानकीबाईची छाती होईना. ते गाळून तिनं सरळ हळदीची ओळ टाकली.

संध्यानं ती उचलली नाही. मांडव थांबला.

"आते," ती कानाशी म्हणाली, "रंगूबाय राह्यली."

"राहू दे गो."

"तिनं काय केला? सगळ्यांना बोलावलास आणि तिला दाराशी उभी ठेवतेस?"

"मला भ्या वाटतं," जानकीबाई म्हणाली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला पण वाटतं," संध्या म्हणाली. मग तिनं मान वर केली आणि शेजारी बसणाऱ्या पोरीनं कधी करायचं नसतं ते केलं. ओळ तिनं टाकली. "ये गो रंगूबाय, हळदीच्या पाटाशी ये."

हुबेहूब तो गळा. पदराआडून जानकीबाईचा हात आपोआप पोरीच्या ओटीपोटाकडे गेला, जिथे टाक्यांचा वण होता. तिथे मऊ होतं, आणि श्वासाबरोबर वरखाली होत होतं. बायका वाट बघत होत्या. ओळ कुणीतरी उचलायला हवी होती, आणि जानकीबाईचा आपला गळा तर उंच, बारीक. तिनं हात तसाच ठेवला, आवाज जाईल तितका खाली नेला, पोरीच्या आवाजापाशी, आणि ओळ उचलली.